राणीचं रडणं

माघ सरत आला होता. सकाळी नदीकडून धुकं चढायचं, आंजी गावातल्या घरांवरून सुस्तावल्यासारखं फिरायचं अन् आठ वाजले की कुणी हाक मारल्यासारखं उठून जायचं. त्याच्या मागोमाग जे ऊन उतरायचं, त्यात हिवाळ्याचं काही उरत नसे. म्हणून टिकाराम उईकेचं सगळं काम धुक्यात. तूर मळून झाली की मागं राहिलेल्या तुराट्या तो रात्रभर आंगणात उघड्यावर पसरून ठेवी. दवानं काडी मऊ पडते. तेवढ्या दोन-अडीच तासांत खराटे बांधून घ्यायचे. ऊन लागलं की तीच काडी वाकवल्याबरोबर कडकन मोडते.

पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवून, काड्यांची मूठ मांडीवर घोळवत तो बसलेला असे. सदुसष्ट वर्षांचा माणूस, उंच, हाडापेरानं मोठा. पण मान वळवायचा ती अशी, की अनोळखी माणसाला वाटावं, ह्याच्या डोक्यावर पदर आहे अन् तो घसरू नये म्हणून हा जपून राहिला आहे.

पदर होताच. एकतीस वर्षं होता.

खडी गंमत म्हणजे उभ्या-उभ्यानं करायची गंमत, गावाकडचं लोकनाट्य. ना पडदा, ना मांडव. चौकात पुढं सोंग घेतलेली माणसं, बाजूला ढोलकीवाला अन् मागं सुरात सूर मिळवणारे झीलकरी. बाईचं सोंग पुरुषानंच घ्यायचं, अशी रीत. टिकाराम सोळाव्या वर्षी राणी झाला तो सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत राणीच राहिला. मग टीव्ही घरोघर आला, गंमतीच्या पार्टीचे शाहीर वारले, पार्टीच मोडली. ढोलकीवाले अण्णाजी तेवढे उरले, तेही आता ढोलकीपेक्षा गुडघेच जास्त चोळत बसत.

त्यांची गोष्ट साधी होती. राजाची थोरली राणी. धाकटी आली अन् तिनं राजाचे कान भरले, की थोरलीची सावली पडली की विहीर आटते. राजानं थोरलीला सांगितलं, पदराच्या गाठीत मावेल तेवढं घे अन् चालती हो. राणी काहीच घेत नाही. रिकामा पदर घेऊन रानात जाते, पळसाखाली बसून रडते, इतकी रडते की निष्पर्ण झाडाला लाल फुलं येतात. शिकारीला आलेला राजा ती फुलं पाहतो, पस्तावतो अन् राणीला परत वाड्यात नेतो.

ह्यातलं, उंबरठा ओलांडतानाचं राणीचं रडणं अकरा कडव्यांचं होतं, अन् ते टिकारामचं होतं.

*रिकाम्या पदराले राजा, गाठ कशाची देऊ,*
*उंबरठा म्हने थांब थांब, मी पाय कुठी ठेवू.*

हे पहिलं कडवं तो उभ्यानं म्हणे. तिसऱ्याला मागं वळे अन् राजाच्या पायाशी पडे. बाकीची आठ कडवी तिथंच, पडल्या-पडल्या. तळेगावात एकदा एक म्हातारी समोरून उठून आली होती अन् आपल्या पदरानं तिनं त्याचे डोळे पुसले होते. "जाऊ दे माय," म्हणाली होती, "मरद मानसाची जातच तशी." टिकारामच्या ओठांवरची मिशी भादरल्याची खूण तिला एवढ्या जवळून दिसली असणारच. तरी म्हणाली.

म्हणून पंधरा दिवसांमागं सुरभी स्कूटीवरून आंगणात उतरली अन् म्हणाली, "काका, तुमची खडी गंमत करायची आहे आपल्याला, महिला मेळाव्यात," तेव्हा टिकारामनं हातातला खराटा बाजूला ठेवला. सुरभी राहायची बोरगाव मेघेला अन् गावोगावच्या बचत गटांचं काम बघायची.

"रडनं पुरं पाठ हाये," तो म्हणाला. तिनं काही विचारायच्या आत म्हणाला. "अकराच्या अकरा. आवाज थोडा बसला, पन दोन दिवस ज्येष्ठमध तोंडात ठेवलं की मोकळा होईन."

सुरभीनं दाराकडे पाहिलं. "काका, राणी काजल करणार आहे."

काजल म्हणजे टिकारामची सून, नागेशची बायको. नागेश वर्ध्याला मालवाहू गाडी चालवायचा, काजल गावातल्या बायांची ब्लाऊजं शिवायची. ती दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली.

"मी सांगनारच होती, मामाजी," ती म्हणाली.

"बाईमानूस? खडी गंमतीत?"

"बायांचा मेळावा होय नं मामाजी. राजाबी बाईच होनार हाये. रुपा."

"रुपा? ते पिठाच्या गिरनीवाली? तिले मिशी कोठून आनान?"

"तिले आनाची गरज नाई, थोडी हायेच," काजल म्हणाली, अन् सुरभी हसायला लागली तेव्हा टिकारामलाही हसावं लागलं. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग मी काय करू?"

"तुम्ही शिकवा तिला. चालणं, वळणं, सगळं. आणि मागं झील धरा. अण्णाजी ढोलकी वाजवायला तयार आहेत."

मग सुरभीनं वही काढून नवी गोष्ट वाचून दाखवली. राणी वाड्यातून निघताना पदराच्या गाठीत मूठभर जवारी बांधते. पळसाच्या बाजूची जमीन मोकळी करून पेरते. दुष्काळ पडतो, भुकेला राजा हिंडत-हिंडत तिथंच येतो. ती त्याला भाकर देते, पाणी देते. चल म्हणतो तर म्हणते, माझं शेत सोंगणीला आलं आहे, तुम्ही निघा.

टिकारामनं शेवटपर्यंत ऐकलं. "अन् रडनं कुठी हाये?"

"ती रडत नाही, काका. तेच तर बदललंय. किती वर्षं रडवायचं तिला?"

टिकाराम खाली पाहून सुतळी सोडवत राहिला. हा प्रश्न त्याला नवा नव्हता.

बायजा, त्याची बायको, कारंज्याकडल्या जंगलपट्टीतली. माहेरी गोंडी बोलत. टिकारामच्या घरात दोन पिढ्यांमागंच गोंडी सुटली होती, म्हणून ती बोलायची ती फक्त बकऱ्यांशी. लग्न झाल्यावर राणीचं लुगडं तीच नेसवून द्यायची, स्वतःचं, हिरव्या काठाचं जांभळं. कुंकू लावून द्यायची, अन् समोर बायांत जाऊन बसायची. एकदा गंमत आटोपून परत येताना म्हणाली, "तुमची रानी परत काऊन जाते जी? मी असती तं तिथंच पयसाखाली घर बांधलं असतं."

"मंग गंमत कशी व्हईन?" टिकाराम म्हणाला होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. टिकारामची माय तोंडाची धारदार. भरल्या घागरीवरून हिची सावली जाऊ देऊ नका म्हणायची. दुसरी करून दे म्हणायची, बायजा समोर चूल फुंकत असताना म्हणायची. टिकाराम भाकर खायचा. बायजानं एकदा, एकदाच, गोठ्यात त्याला विचारलं, "तुमची माय मले बोलते, तवा तुमी बोलत काऊन नाई?" तो बकरीच्या गळ्यातली दोरी सोडवत राहिला. त्या वर्षापासून बायजा त्याला लुगडं नेसवून द्यायची, कुंकू लावायची, अन् घरी परत जायची. पुन्हा गंमत पाहायला आली नाही. पुढं नागेश झाला, माय वारली, तरी आली नाही. टिकारामनं कारण विचारलं नाही. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती, अन् बकऱ्या मराठीत हाकाव्या लागत होत्या.

शिकवायचं ठरलं तसं लुगड्याचं ठरलं. काजल म्हणाली, आत्याबाईचंच नेसते. सासूला ती आत्याबाई म्हणायची. पण नऊवारी तिला नेसता येईना, अन् सासऱ्यानं सुनेला नेसवायचं कसं. टिकारामनं रात्रभर विचार केला. सकाळी पेटीतून लुगडं काढलं अन् आंगणात, खराटे बाजूला सारून, पायजम्यावरून स्वतःच नेसायला लागला. "पाहात जा," म्हणाला. काजल समोर डोक्यावरून पदर घेऊन उभी राहून पाहू लागली. लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. त्याच्या खाली आणखी काही असेल म्हणून त्यानं दोनदा हुंगलं. नव्हतं. पण बोटांना निऱ्या पाठ होत्या.

कुंपणापलीकडून सुलोचना धुणं वाळत घालत होती.

"टिकाराम भाऊ, सुनेपेक्षा तुमीच नवरीवानी दिसून राह्यले."

"तुह्या नवऱ्याले पाठवजो, पाहून जाईन."

"तो आला तं परत नाई यायचा," सुलोचना म्हणाली अन् बादली घेऊन हसत आत गेली.

टिकारामनं कंबर सावरली. "आता पाह्य काजल. रानी पायानं नाई चालत, पदरानं चालते. हे टोक तोंडाशी. मान अशी, थोडी वाकडी." तो विहिरीपासून चुलीपर्यंत चालला. कोंबड्या बाजूला झाल्या. वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. तशी सवयच होती डोळ्यांना.

काजल पाहत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, ते रडत नाई नं आता. मंग पदर तोंडाशी कायले नेईन?"

"मंग कुठी नेईन?"

"गाठीवर. तिच्या गाठीत जवारी हाये. सांडू नाई म्हनून हात तिथंच राहीन तिचा."

टिकारामनं पदराला गाठ मारली, तिच्यावर मूठ ठेवली अन् चुलीकडून विहिरीकडे चालून पाहिलं. हात खाली गेला तशी मान आपोआप वर आली. पाऊल लांब पडलं. असा तो एकतीस वर्षांत एकदाही चालला नव्हता. पण असं चालताना त्यानं पाहिलं होतं. पेरणीच्या दिवशी ओटीत बी बांधून बायजा तिफणीमागून चालायची, ती अशी.

"बरोबर हाये," तो म्हणाला. लुगडं सोडायला त्याला त्या दिवशी बराच वेळ लागला.

तरी रडण्याचा हेका त्यानं सोडला नाही. एवढं म्हातारपण आलं, गुडघे गेले, सोंग गेलं, सगळं मान्य. पण ती कडवी आता कोणाच्याच तोंडात नव्हती. ह्या मेळाव्यात म्हटली गेली नाहीत, तर त्याच्याबरोबर जळणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. "तीन तरी ठेवा," त्यानं काजलला सांगितलं. "सुरभीले फोन करजो. म्हनजो, बुढा म्हन्ते तीन तरी." काजलनं फोन केला. बोलणं लांबलं. शेवटी ती आंगणात आली.

"ताई म्हन्ते, काकाले वाईट वाटू देऊ नको. पन रानी रडली की बाया रडते, अन् मंग जवारी कोनाच्याच ध्यानात राहत नाई."

"खरं हाये," टिकाराम म्हणाला. खरंच होतं. म्हणून जास्त लागलं.

मेळावा शाळेच्या पटांगणात, दुपारी दोनला, जेवणं आटोपल्यावर. आंजीच्या अन् आसपासच्या गावांच्या बाया सतरंज्यांवर दाटीनं बसल्या होत्या. पुढं चुन्याची एक रेघ ओढली होती, तो वाड्याचा उंबरठा. पलीकडे बांबूला पळसाची फुललेली फांदी बांधली होती, ते रान. रुपा राजाच्या फेट्यात आली तेव्हाच हशा पिकला, अन् घामानं तिची चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटली तेव्हा तिनं ती ओढून कनवटीला खोचली अन् म्हणाली, "राजाची मिशी होय, कुठीबी ठेवीन." सतरंज्या हसून हलल्या. टिकाराम मागं झिलीत उभा होता, पांढरा सदरा, दोन बायांच्या मधोमध. अण्णाजी खुर्चीवर, मांडीवर ढोलकी.

धाकटी आली, राजाच्या कानाला लागली. राजानं हुकूम दिला. काजल जांभळ्या लुगड्यात पुढं आली. तिनं सगळ्यांना दाखवून मूठभर जवारी पदरात बांधली, गाठीवर हात ठेवला अन् रेघेकडे निघाली. इथं काहीच वाजायचं नव्हतं. सुरभीनं तसं वहीत लिहिलं होतं: शांतता. फक्त तिची पावलं.

टिकारामला पाठमोरं जांभळं लुगडं दिसत होतं. लांब पाऊल. ताठ मान. कोणी घरातून निघून चाललं आहे अन् मागं वळून पाहणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

त्यानं ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं गेलं.

*रिकाम्या पदराले राजा, गाठ कशाची देऊ…*

आवाज फुटका होता, पण जागेवर होता. अण्णाजींच्या हातानं विचारलंच नाही, तो आपसूक संथ ठेक्यावर पडला. एकतीस वर्षांची सवय. कडेला उभ्या सुरभीनं कपाळाला हात लावला. सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायांचे पदर डोळ्यांकडे निघाले. काजलचा पाय रेघेच्या अलीकडे थांबला. आता तिसऱ्या कडव्याला राणी वळणार अन् राजाच्या पायाशी पडणार, हे त्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. टिकारामला तर होतंच. आपण काय करून बसलो ते त्याला दुसऱ्या ओळीवर कळलं, पण सुरू केलेलं कडवं अर्ध्यात सोडता येत नाही.

काजल वळली नाही. रेघेशी तशीच उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "कोन रडून राह्यलं माह्या नावानं?"

ढोलकी थांबली.

खडी गंमतीत एक नियम आहे. पुढल्यानं झिलीला सवाल टाकला की झिलीतून उत्तर आलं पाहिजे. चुकीचं चालतं, गमतीचं चालतं, शिवीही चालते. गप्प राहिलेलं चालत नाही. टिकारामनंच तिला हे शिकवलं होतं.

"मी, रानीसाहेब," तो म्हणाला.

"तू कोन?"

"मी… मागं राह्यलेला."

बाया हसल्या.

"माह्या सावलीनं विहीर आटते म्हनत होते, तवा कुठी होता?"

"इथंच होतो."

"मंग बोलला काऊन नाई?"

हसणं सुरू होतं, ते हळूहळू विरलं. टिकारामच्या हातात काही नव्हतं. ना दोरी, ना सुतळी, की जी सोडवत बसावं. पाठमोरं जांभळं लुगडं उत्तराची वाट पाहत उभं होतं.

"भेलो," तो म्हणाला. "मायले भेलो."

कोणाची माय, हे कोणी विचारलं नाही. राजाची असणार, असं सगळ्यांनी धरलं. रुपानं कनवटीची मिशी उगाच चाचपली.

"मंग रड आता," राणी म्हणाली. "पुरे कडवे म्हन. मी थांबत नाई, माही पेरनी राह्यली हाये."

अन् तिनं रेघ ओलांडली.

टिकारामनं पहिलं कडवं पुन्हा घेतलं. दुसरं घेतलं. काजल पळसाच्या फांदीपाशी वाकून माती मोकळी करत होती, एकदाही मागं न पाहता. तिसऱ्याला त्याचा आवाज गेला. बाजूच्या दोन बायांना शब्द येत नव्हते, त्यांनी नुसता सूर धरून ठेवला, जवारी उगवेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी धुकं नेहमीसारखंच चढलं. टिकाराम तुराट्यांत बसला होता. तारेवर जांभळं लुगडं वाळत होतं. काजलनं धुतलं होतं, अन् आता त्याला साबणाचा वास होता. ती चहा घेऊन आली.

"सुरभीताईचा फोन आलता. तळेगावच्या बायाबी बोलावून राह्यल्या. ताई म्हन्ते, रडनं राहू द्या. पन झिलीतूनच. तुमीच रडजा."

"पाहू," टिकाराम म्हणाला. कप घेतला, जमिनीवर ठेवला. "काजल, तो सवाल कुठून आनला तू?"

ती लुगड्याचं टोक सरळ करत होती. "आत्याबाईचा होय. मी पाय दाबत असली की सांगत राहे काय काय."

"अजून काय सांगे?"

काजलनं मागं पाहिलं नाही. "म्हने, तुह्या सासऱ्यासारखं कोनी रडत नाई. घरी येक डाव रडले असते, तं पाहाले आली असती."

ती आत गेली. टिकाराम तारेकडे पाहत बसला. लुगड्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं, खालच्या काड्यांवर. धुकं नदीकडे सरकायला लागलं होतं अन् सुलोचनाच्या छपरावर ऊन दिसत होतं. त्यानं एक काडी उचलून वाकवली. कडकली. मग त्यानं तारेखालच्या, ठिबकून ओल्या झालेल्या काड्या ओढून घेतल्या, मूठ केली, बुडखे जमिनीवर ठोकून सारखे केले अन् सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.